ट्रंकेतली पत्रं



अंक यंदा उशिरा निघतोय. पैशाची रड नेहमीचीच, पण यावेळी कारण ते नाही. कारण एका मुलीचं सहा पानी लिखाण. गेल्या पावसाळ्यात तिनं ते माझ्या हातात दिलं. बाप चळवळीतला, मोर्चात पुढं असणारा. तो घरी आल्यावर आईला कसा मारायचा आणि पोरं मोरीत कशी दडून बसायची, एवढंच तिनं सरळ लिहिलंय. मी वाचलं आणि बॅगेच्या तळाशी टाकलं. मंडळाला म्हणालो, "आत्ता नको. दुश्मनाला आयतं हत्यार कशाला द्या?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडळात सगळे पुरुषच.

मग ॲलिस वॉकरची ‘द कलर पर्पल’ हाती आली. १९८२ सालची कादंबरी. मी दहावी पास, इंग्रजी कच्चं. गोदीतली पाळी संपली की डिक्शनरी घेऊन बसायचो. पण यातल्या सेलीचं इंग्रजी तरी कुठं मास्तरांचं आहे? जॉर्जियाच्या खेड्यातली काळी माणसं बोलायची तसंच ती लिहिते. दुसऱ्याच्या शेतात बटाईनं राबणाऱ्यांच्या पोरीनं ही बोली पानावर आणली आणि १९८३ चं पुलित्झर मिळवलं. कादंबरीसाठी ते घेणारी ती पहिली काळी बाई.

सेली चौदा वर्षांची. ज्याला ती बाप समजते तोच तिच्यावर बलात्कार करतो. झालेली दोन्ही मुलं उचलून नेतो. मग तिला एका बिजवराच्या गळ्यात बांधतो. तिथंही मार. बोलायला माणूस नाही, म्हणून ती देवाला पत्रं लिहिते.

एका जागी मात्र मी पुस्तक मिटून ठेवलं. नवऱ्याचा मुलगा हार्पो विचारतो, बायको ऐकत नाही, काय करू? आणि सेली सांगते, मार. मार खाणारीच मारायला शिकवते! सोफिया जाब विचारायला येते तेव्हा सेली शरमेनं मेल्यागत होते. मग दोघी फाटक्या पडद्यांची गोधडी शिवायला घेतात. बरं होण्याची सुरुवात इथून होते.

पुढं कळतं, सेलीचा खरा बाप वेगळाच होता. त्याचं दुकान चालायला लागलं म्हणून गोऱ्यांनी ते जाळलं, त्याला ठार केलं. म्हणजे घरातल्या जखमेचं एक मूळ बाहेर आहे. हे आपल्याला तोंडपाठ. माझा बापही मुकादमाच्या शिव्या खाऊन यायचा आणि हिशेब आईच्या पाठीवर चुकता करायचा. पण वॉकर तेवढ्यावर पुरुषाला सोडत नाही. गोऱ्यानं लाथ मारली म्हणून बायकोला लाथ मारायचा परवाना मिळत नाही.

सेलीच्या बहिणीची पत्रं नवरा वर्षानुवर्षं ट्रंकेत दडवून ठेवतो. शग नावाची गाणारी बाई ती शोधून काढते. सेली पेटून उठते, घर सोडते, मेम्फिसला जाऊन पँटी शिवते, धंदा उभा करते. ती काही डोळे मिटून ध्यान लावून बरी होत नाही. बाईची सोबत, हाताला काम, आणि झालेलं तोंडावर बोलणं, एवढ्यानं उभी राहते. शेवटी नवराही तिच्याजवळ बसून शिवायला शिकतो. पण आधी ती निघून गेली, मग तो बदलला. हा क्रम ध्यानात ठेवा.

१९८५ साली त्यावर सिनेमा निघाला तेव्हा काळ्या समाजातूनच निदर्शनं झाली. आपल्या पुरुषांची बदनामी करते म्हणे! ऐकलंय ना हे कुठं? १९७२ साली आपण ओकलंडच्या पँथर्सकडून नाव घेतलं. त्यांच्या बायकांकडून काही घ्यायचं मात्र राहून गेलं. आणि परक्या देशात तरी कशाला जायचं? बेबीताई कांबळे यांनी आपलं लिखाण वर्षानुवर्षं घरात लपवलं. ‘जिणं आमुचं’ पुस्तक म्हणून यायला १९८६ उजाडलं. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं, लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहावं, गुलाम होऊ नये. त्यांच्या फोटोला हार घालणारे आपण. ते भाषण कुणासाठी होतं मग?

दुश्मनाला हत्यार मिळेल म्हणता? आपण गप्प बसलो म्हणून त्याची हत्यारं कधी कमी पडलीत? गप्प बसून वाचला फक्त मारणारा.

परवा त्या मुलीकडे गेलो. छापू का, विचारलं. ती म्हणाली, "इतके दिवस होतं कुठं?"

"बॅगेत," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? ट्रंक त्या नवऱ्याची होती, बॅग माझी.

लिखाण या अंकात पहिल्या पानापासून आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे नाव घातलेलं नाही. एक शब्दही बदललेला नाही. पुढच्या अंकापासून मंडळात तीन जागा बायकांच्या. त्यासाठी एक जागा मी सोडतोय. आणखी दोघांनी सोडायची आहे. कोण सोडतो, बघू.

जय भीम!