गेलेल्याच्या नावाने पहिली पेरणी



संघटनेचा एक जुना कार्यकर्ता वैशाखात वारला. वय पंचेचाळिशीच्या आत. तीन एकर कोरडवाहू, घरी म्हातारी आई, बायको आणि शिकणारी दोन मुले. तेरवीला तीनशे पान उठले. आम्हीही त्या पंगतीत जेवलो. श्रद्धांजलीची भाषणे झाली. 'त्यांची उणीव कधी भरून निघणार नाही,' असे आम्हीच म्हटले.

मृग निघून पंधरा दिवस झाले असतील. त्याच रस्त्याने जाणे झाले तेव्हा आजूबाजूची शेते पेरून झाली होती आणि त्याचे तीन एकर वखरून तसेच पडले होते. वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, सातबारा त्यांच्या नावावर, सोसायटीचं कर्ज त्यांच्या नावावर. कृषी केंद्रवाला आधी मागली उधारी मागते. तेरवीचेच पैसे अजून देणं बाकी आहे."

कधी भरून न निघणाऱ्या उणिवेबद्दल बोलणारे आणि ऐकणारे तीनशे जण होतो. बियाण्याची उणीव सहज भरून निघण्यासारखी होती. ती कोणाच्या ध्यानात आली नाही. मग चौघांनी मिळून बियाणे दिले आणि पेरणी झाली. पण उशिरा झाली. कोरडवाहू कपाशीत पेरणीचा उशीर मागाहून खत टाकून भरून काढता येत नाही, हे शेती करणाऱ्याला सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेतकरी लग्न-तेरवीच्या उधळपट्टीने कर्जबाजारी होतो, हा शहाण्यांचा जुना आरोप आम्ही कधी मानला नाही आणि आजही मानत नाही. १८७५ साली दख्खनेत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर सरकारनेच नेमलेल्या आयोगाने लग्नकार्यांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते असे नोंदवले. कर्जाचे कारण शेतमालाच्या भावात आहे. पण जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात मांडल्या: सरकारी धोरण शेतकऱ्याला कसे लुटते, आणि जन्मापासून मरणानंतरपर्यंतचे विधी त्याची गाठ कशी सोडतात. गाडगेबाबा तर कर्ज काढून सण करू नका असे गावोगाव कीर्तनातून सांगत फिरले. पहिल्या लुटीशी लढताना दुसरीकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. कर्ता माणूस गेलेल्या घराला तेरवीचा खर्च नेमका पेरणीच्या तोंडावर येऊन पडतो, तेव्हा तर नाहीच नाही.

हिशेब करून पाहू. तीनशे पान, पानामागे शंभर रुपये धरले तर ३०,००० रुपये. २०२४ च्या हंगामात बीटी कपाशीच्या पाकिटाची ठरवलेली किंमत ८६४ रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर तीन एकराला सहा, म्हणजे ५,१८४ रुपये. एका तेरवीच्या पैशात अशा पाच घरांचे बियाणे येते आणि चार हजार उरतात.

आता कोणी म्हणेल, माणसाच्या नावाने काही करायचेच नाही का? करायचे. आपल्या माणसाचे नाव राहावे ही इच्छा खोटी नाही. प्रश्न आहे तो नाव कशावर ठेवायचे याचा. गावोगाव आम्ही पाहतो. शाळेतल्या पंख्याच्या पात्यावर 'यांच्या स्मरणार्थ' असे रंगवलेले, आणि विजेचे बिल थकल्यामुळे पंखा बंद. एसटीच्या थांब्यावर कोणाच्या तरी वडिलांच्या नावाची पाणपोई. पहिल्या उन्हाळ्यात पाणी होते, आता रांजणाला तडा गेला आहे. नाव शिल्लक आहे, काम संपले. बंद पंखा पाहून त्या नावाला कोणी दुवा देत नाही.

ठेवींचेही तसेच. १९९० च्या दशकात एखाद्याने आईच्या नावाने शाळेत पाच हजारांची ठेव ठेवली. तेव्हा दहा-बारा टक्के व्याज होते. वर्षाला पाचशे-सहाशे रुपये येत, पहिल्या आलेल्या मुलीची पुस्तके होत. आज सहा-सात टक्क्यांनी तीनशे-साडेतीनशे येतात, आणि पुस्तकांच्या किमती मात्र कितीतरी पटींनी वाढल्या. सगळे व्याज दरवर्षी वाटून टाकले की मूळ ठेव वाळत जाते. ठेव ठेवायचीच असेल तर व्याजाचा काही भाग पुन्हा मुद्दलात घालण्याची अट सुरुवातीलाच लिहून द्यावी.

आमच्या मते शेतकऱ्याच्या घरातून द्यायचे दान शेतकऱ्याच्या पहिल्या हंगामाला द्यावे. कर्ता माणूस गेल्यावरचा पहिला हंगाम साधला तर ते घर उभे राहते. तो हुकला तर जमीन बटाईने जाते, पोरगा शाळा सोडून कामाला लागतो.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

एक. ज्याच्या घरी वर्षश्राद्ध किंवा पुण्यतिथी आहे आणि ज्याला झेपते, त्याने त्या वर्षी कर्ता माणूस गमावलेल्या एका घराला एका हंगामाचे बियाणे द्यावे. नावाने द्यावे, "आमच्या बाबांकडून" असे सांगून द्यावे. पण पाटी नको, फोटो नको, घेणाऱ्याचे नाव सभेत वाचणे नको. संघटनेने या पैशाला हात लावू नये. देणाऱ्याने कृषी केंद्रात स्वतः पैसे भरावेत आणि पावती त्या घरी द्यावी. निधी जमला की त्याच्याभोवती माणसेही जमतात, हा अनुभव आपण घेतलेला आहे.

दोन. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने आपला दिवस द्यावा. वखराचा एक दिवस, डवरणीचा एक दिवस. लिहिता-वाचता येणाऱ्याने वहिनींबरोबर तलाठ्याकडे, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जावे. वारसाने तीन महिन्यांच्या आत कळवायचे असते. पत्नी, मुलगे, मुली आणि आई या सर्वांची नावे त्यात यावीत. दिराचे किंवा थोरल्या मुलाचे एकट्याचे नाव लागून चालणार नाही. वारसाचे नाव लागेपर्यंत नवे पीककर्ज अडून राहते. १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात ज्यांनी जिवंतपणीच बायकोच्या नावावर जमीन केली, त्यांच्या घरी निदान तेवढ्या जमिनीपुरती ही पायपीट वाचली. ज्यांनी केली नाही त्यांनी अजूनही करावी.

तीन. ज्या घरात मरण झाले त्या घराकडून पहिल्या वर्षी दान मागू नये आणि कर्ज काढून केलेल्या तेरवीच्या पंगतीला संघटनेच्या कार्यकर्त्याने बसू नये. भेटायला जरूर जावे, चहा घ्यावा, आणि निघताना विचारावे, "वहिनी, पेरणीचं काय?"

हा शेवटचा नियम आम्ही आधी स्वतःला लावून घेतला आहे. त्या पंगतीत आम्हीही जेवलो होतो.