उजव्या जवनिकेचं माप

अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४० हजार बाळं हृदयात जन्मजात दोष घेऊन जन्माला येतात. शंभर जन्मांमागे साधारण एक. त्यातली बहुतेक आता जगतात, शाळेत जातात, धावतात, आणि म्हणूनच त्यांच्या डॉक्टरांपुढे आजोबांच्या पिढीला पडला नव्हता असा प्रश्न आहे: दुरुस्त केलेलं हृदय किती वेळा तपासायचं, आणि कशाने? बोस्टन आणि फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयांनी गेल्या दोन-तीन दशकांत या प्रश्नाच्या उत्तरात एमआरआयला मोठी जागा दिली. ती जागा योग्यच आहे. फक्त प्रत्येक वयाला ती सारखी असू नये.

एमआरआयची बाजू भक्कम दिसते ती टेट्रालॉजी ऑफ फॅलो या विकारात. यातली बाळं निळी पडत आणि बहुतेक लहानपणीच जात. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी अशा एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया केली. कल्पना हेलन टॉसिग यांची होती, आणि प्रयोगशाळेत ती हातात बसवली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने, ज्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. त्या दिवशी थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून टाके सुचवत होते. पुढे १९५४ मध्ये मिनेसोटात हृदय उघडून संपूर्ण दुरुस्ती झाली.

या दुरुस्तीत फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करावी लागते, आणि त्या ओघात तिथली झडप बहुधा निकामी होते. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे परततं. मूल वर्षानुवर्षं कसलीच तक्रार करत नाही, पण उजवी जवनिका, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त ढकलणारा खालचा कप्पा, फुगत जाते. नवी झडप घाईने बसवली तर ती झिजते आणि पुन्हा बदलावी लागते. थांबत राहिलं तर जवनिका मूळ आकाराला येतच नाही.

ही वेळ ठरवायला माप लागतं, आणि इथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तोकडा पडतो. उजवी जवनिका छातीच्या हाडामागे दडलेली आणि आकाराने वेडीवाकडी. मूल मोठं होतं तशी ती इकोला आणखी कमी दिसते. एमआरआयमध्ये हृदयाचे कापामागून काप घेऊन प्रत्येकाचं आकारमान मोजतात आणि बेरीज करतात, त्यामुळे कप्प्याचा आकार गृहीत धरावा लागत नाही. झडपेतून पुढे किती रक्त गेलं आणि मागे किती आलं, हेही त्याच बैठकीत कळतं. शिवाय क्ष-किरण नाहीत. लक्षणं नसलेल्या प्रौढ रुग्णांबाबत २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी जे निकष दिले, त्यांतला एक म्हणजे शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठफळामागे उजव्या जवनिकेचं १६० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक आकारमान. असा आकडा इकोच्या अंदाजावर ठेवता येत नाही.

मात्र माप अचूक आहे म्हणून निर्णयही अचूक ठरतो, असं नाही. १६० च्या आसपासची ही सीमा आली ती त्यापलीकडे गेलेली जवनिका शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत होत नाही या निरीक्षणातून. आकार पूर्ववत झाला म्हणजे आयुष्य वाढलं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. अनेक रुग्णालयांच्या एकाच नोंदवहीवर आधारलेल्या दोन अभ्यासांत २०१८ ला झडप बदलल्याने मृत्यू आणि घातक अतालता कमी झाल्याचं दिसलं नाही, तर २०२३ ला योग्य रुग्ण निवडले तर फायदा दिसला. दोन्ही प्रामाणिक होते. आई-बापाला डॉक्टर जेव्हा एकच आकडा सांगून तारीख देतात, तेव्हा या घडामोडीही त्यांच्या कानावर घालायला हव्यात.

माझी खरी अडचण मात्र धाकट्यांची आहे. सात-आठ वर्षांचं मूल समजावलं तर नळीत निपचित पडतं, सांगितल्यावर श्वास रोखतं. दोन वर्षांचं मूल पडत नाही. त्याला भूल द्यावी लागते. आणि हृदयाचा एमआरआय काही मिनिटांत आटोपत नाही, बऱ्याचदा तासभर चालतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला की तीन वर्षांखालील मुलांना भुलीची औषधं वारंवार किंवा तीन तासांहून अधिक वेळ दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. दुसरीकडे, अमेरिकेसह सात देशांत झालेल्या एका अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवलं की तान्हेपणी एकदा, तासाभराच्या आतली भूल दिलेल्या मुलांची बुद्धी पाचव्या वर्षी इतरांइतकीच होती. म्हणजे एका तपासणीसाठी आईने रात्रभर जागायचं कारण नाही. पण हृदयविकाराच्या बाळाची भूल एकदाच कुठे असते? त्याची शस्त्रक्रिया, कॅथेटर, पुन्हा शस्त्रक्रिया असा हिशेब आधीच चढलेला असतो, आणि दुबळं हृदय भूल सोसायलाही कमकुवत. एमआरआयचं चित्र ठळक दिसावं म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं तर त्याचे अंश शरीरात, मेंदूतही, उरतात असं २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने लेबलांवर लिहायला लावलं. मूत्रपिंडं चांगली असलेल्या मुलाला त्याने अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण पुढची साठ-सत्तर वर्षं ते त्याच शरीरात असणार, म्हणून गरज नसताना देऊ नये हे बरं.

सीटी सेकंदांत होतो, पण त्यात किरणोत्सार आहे. तो मुलांसाठी कमी ठेवण्याची मोहीम अमेरिकी रेडिओलॉजिस्टांनी २००८ मध्ये सुरू केली. तिघांपैकी कुणीच निर्दोष नाही. न्यू जर्सीतले किंवा बे एरियातले आपले आई-बाप पुण्याच्या डॉक्टर नातेवाइकाला रात्री विचारतात, ‘नुसता टूडी इको केला, एमआरआय का नाही?’ मोठं मशीन म्हणजे मोठी काळजी, ही समजूत आपल्याकडून विमानात बसून गेलेली आहे. तान्ह्या बाळात इको बहुतेक प्रश्न सोडवतो, आणि तो पाळण्याशेजारी होतो.

भुलीची ही अडचण कमी करण्याचं काम कॅलिफोर्नियात झालं, आणि तेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयात श्रेयस वासनवाला आणि बर्कलीचे मायकेल लुस्टिग यांनी थोड्याच नोंदी घेऊन बाकीचं चित्र गणिताने भरून काढण्याची पद्धत लहान मुलांपर्यंत आणली. तपासणीचा वेळ घटतो तशी भूलही घटते. सिनसिनाटीत अगदी तान्ह्यांना पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपल्याझोपल्या तपासतात. भुलीचं नाव नाही.

उलट दिशेचा एक पेचही आहे. हृदयस्नायूची सूज असलेल्या किशोरांमध्ये, कोविडनंतर आणि क्वचित लशीनंतरही, एमआरआयवर गॅडोलिनियम रेंगाळलेले डाग महिनोनमहिने दिसत राहतात, जरी इको आणि रक्ताच्या चाचण्या सुधारलेल्या असतात. जून २०२५ मध्ये दोन एमआरएनए लशींच्या लेबलांवर या पाठपुराव्यातल्या निरीक्षणाची नोंद झाली. डाग पुढे काय करेल, हे डागच सांगत नाही. मुलाला तीन ते सहा महिने खेळापासून दूर ठेवण्याची शिफारस समंजस आहे. डाग पूर्ण जाईपर्यंत बास्केटबॉल बंद ठेवणं मात्र मुलाला विनाकारण रुग्ण बनवणं होईल.

म्हणून एमआरआयची चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांनी एक प्रश्न कागदावर उतरवावा: आकडा कमी आला तर काय करणार, आणि जास्त आला तर काय? दोन्ही उत्तरं एकच असतील, तर तीन वर्षांच्या मुलाला झोपवू नये. पंधरा वर्षांच्या टेट्रालॉजीच्या मुलीसाठी मात्र हा प्रश्न क्वचितच अडतो. तिची जवनिका ठराविक वर्षांनी मोजलीच पाहिजे, आणि विमा कंपनीने पूर्वमंजुरीच्या नावाखाली ते लांबवू नये.

याच कंपन्या एमआरआयचे काही हजार डॉलर भरतात, पण खोटं यंत्र दाखवून, त्याचे आवाज ऐकवून मुलाला तयार करणाऱ्या बालसहायकाच्या वेळेसाठी सहसा काही देत नाहीत. तो खर्च रुग्णालयं स्वतःच्या पैशांतून आणि देणग्यांतून भागवतात. भूल टाळणारं काम हेच असेल, तर ते बिलावर यायला हवं.