बंदुकीची नळी तापते, मग सावली कुणाला हवी?

लोकसभेसाठी १३ मे २०२४ रोजी जळगाव आणि रावेरमध्ये मतदान झाले, तर २० मे रोजी धुळ्यात. मतदारांसाठी सावली आणि पाण्याची सोय करा, अशा सूचना निवडणूक आयोगाने दिल्या होत्या. ते योग्यच झाले. पण रायफल घेऊन बंदोबस्ताला उभ्या असलेल्या माणसाच्या सावलीविषयी कोणी फारसे बोलत नाही. बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन बसणाऱ्या सुरक्षारक्षकाचेही तेच. हा प्रश्न माणसाचा आहेच, पण त्याच्या हातातल्या शस्त्राचाही आहे.

नळी तापते कशी?

काडतुसातली दारू जळते, तेव्हा तयार होणाऱ्या वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते. ही सगळी ऊर्जा गोळीला मिळत नाही. बराचसा भाग वायूबरोबर निघून जातो आणि बाकीचा नळीच्या पोलादात मुरतो. एक-दोन गोळ्यांनी फरक पडत नाही. मात्र सलग गोळीबार झाला, तर नळीला हात लावता येत नाही.

म्हणूनच पूर्वी पोलिसांकडे असलेल्या ‘थ्री नॉट थ्री’च्या नळीवर जवळपास टोकापर्यंत लाकडी आवरण असे. इन्सास रायफलला त्या जागी प्लॅस्टिकचे हँडगार्ड आले. जुन्या व्हिकर्स मशीनगनच्या नळीभोवती तर सुमारे चार लिटर पाण्याची टाकीच असे. हलक्या मशीनगनमध्ये तापलेली नळी काढून दुसरी बसवतात.

आवरण म्हणजे थंडावा नव्हे

इथे अनेकांचा गोंधळ होतो. मोबाइल तापला की आपण आधी त्याचे कव्हर काढतो, कारण कव्हर उष्णता आत कोंडते. बंदुकीचेही तसेच. हँडगार्ड हात वाचवते, नळी थंड करत नाही. नळी थंड होते ती मोकळ्या हवेने, म्हणून हँडगार्डला भोके किंवा फटी ठेवतात. गोळीबारानंतर लगेच कापडात गुंडाळलेली बंदूक उशिरा निवते. कापडी किंवा चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवली, तर ओल धरून गंजते. उन्हाळ्यात घातलेले म्यान पावसाळ्यातही तसेच राहिले, तर नळीचे नुकसान ठरलेलेच.

खानदेशचे ऊन काय करते?

उन्हात ठेवलेल्या बंदुकीतून आपोआप गोळी सुटते, हा गैरसमज आहे. दारू पेटायला दीडशे अंशांहून अधिक तापमान लागते आणि ऊन तिथवर पोहोचत नाही. शेकडो गोळ्या सलग झाडल्यानंतर तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस राहिले, तर ते ट्रिगर न दाबता सुटू शकते. त्याला ‘कुक-ऑफ’ म्हणतात.

पण पारा ४५ अंशांवर असताना थेट उन्हातले काळे पोलाद साठ अंशांपुढे सहज जाते. असा धातू काही सेकंदांत कातडी भाजतो. तापलेल्या काडतुसातली दारू अधिक वेगाने जळते, त्यामुळे नळीतला दाब वाढतो. नळीवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे नेम धरताना समोरचे दृश्य हलते. लांब नळीची एक बाजू जास्त तापली, तर ती किंचित वाकतेही. रणगाड्याच्या तोफेवर उष्णतारोधक आवरण चढवतात, ते याचसाठी.

मग करायचे काय?

खानदेशला हा विषय परका नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत रायफलींची काडतुसे तयार होतात. २०२१पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग आहे. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ आहे. काडतूस बनवणारे हात इथले आहेत आणि शस्त्र वापरणारेही. तेव्हा उन्हाळ्यातील शस्त्र हाताळणीचे साधे नियम इथूनच सुरू व्हायला काय हरकत आहे?

त्यासाठी मोठा खर्च नाही. बंदोबस्ताच्या प्रत्येक जागी सावली हवी. दुपारी पाळी लहान हवी. काडतुसांची पेटी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. बँकांनी सुरक्षारक्षकाची खुर्ची पत्र्याच्या शेडखालून आत घ्यावी. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याने ती म्यानातून काढून पुसावी, तेलाचा हलका हात द्यावा आणि कोरड्या जागी कुलूपबंद ठेवावी.

तोफेच्या नळीला ऊन लागते, हे ओळखून आपण तिच्यावर आवरण चढवले. ती रायफल धरून भर दुपारी उभ्या असणाऱ्या माणसाला मात्र अजून टोपीवरच भागवावे लागते. नळीला सावली द्यायची, तर माणसाला आपोआप मिळेल. निदान त्या निमित्ताने तरी द्या.