शाळा मोडून पैसा कोणाचा वांचतो?

वीस मुलांच्या आंतील शाळा म्हणे सरकारास परवडत नाहींत! २०२२ सालीं अशा शाळांची माहिती मागविली; २०२३ सालीं त्या मोडून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागविले. आम्ही ईश्वरपूरकडील (पूर्वीच्या इस्लामपूरकडील) खेड्यांत खडू झिजविणारे मास्तर. पण हा हिशेब आम्हांस पटत नाहीं.

मास्तर दहा मुलांस शिकवो कीं वीस, पगार तोच, छप्पर तेंच. अकरावें मूल आलें म्हणून तिजोरींतून जास्त काय जातें? पाणी भरणारांचीं डोकीं मोजून गांवची विहीर कोणी बुजवीत नाहीं.

बरें, शाळा मोडून खर्च मिटतो काय? शिराळ्याच्या डोंगरांतील एखादी वाडी घ्या. शाळा लांब गेली कीं पोरास पोंचवितांना आईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, नाहींतर गाडीभाडें. मुलगी असली तर ती घरींच राहते. मोटारीचें आश्वासन देतात. पावसाळ्यांत ती त्या चढणीवर जाते काय, तें पाहावयास कोण येणार? तिजोरीवरचा खर्च रयतेच्या कनवटीवर आला, पावती तेवढी मिळाली नाहीं.

आणि तिजोरी भरतो कोण? साबणाच्या वडीवरील कर मजूरही देतो. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर जातो, हें जोतीरावांनीं १८८२ सालींच हंटर कमिशनपुढें मांडलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीरांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. तें एका संस्थानास परवडलें!

ज्या गांवावर असा प्रस्ताव येईल, तेथील ग्रामसभेनें गाडीभाड्याचा व बुडालेल्या मजुरीचा आंकडा आधीं लेखी मागावा.