बायो म्हणजे पाठांतर?

खडवलीहून कसारा लोकलने येताना आमच्या ग्रुपमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं: "बायो म्हणजे नुसतं पाठांतर!" मित्रांनो, मला हे साफ नामंजूर आहे.

लॅम्डा हा विषाणूच घ्या. तो आपल्या वाटेला जात नाही, आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूला गाठतो. स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढायला त्याला जिवाणूचंच यंत्र लागतं. डीएनएचे धागे उलगडणारं डीएनए-बी प्रथिन तो आपल्या 'पी' प्रथिनाने धरून आणतो. पण पकड एवढी घट्ट, की डीएनए-बी जागचं हलत नाही! मग जिवाणूचीच तीन प्रथिनं ते सोडवतात: डीएनए-के, डीएनए-जे आणि जीआरपी-ई. ती बिघडली की लॅम्डाचं दुकान बंद. १९७०च्या दशकात ती सापडली ती यामुळेच, म्हणून तर पहिल्या दोघांच्या नावात डीएनए. पुढे कळलं, ही तर उष्णतेच्या धक्क्याची प्रथिनं! ३० वरून ४२ अंशांवर नेलं की जिवाणू ती धडाधड बनवतो, कारण उष्णतेने बाकीच्या प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. थोडक्यात, चोर मेंटेनन्स डिपार्टमेंटलाच कामाला लावतो. (मे महिन्यात तापलेल्या भातसेच्या उथळ पाण्यातही असलं काही चालत असेल!)

यात पाठांतर कुठे आलं? औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर विषाणू सोडण्याचे उपचार आज तपासले जाताहेत. ते विषाणू वाढवायच्या टाक्या, त्यांचं तापमान, हे इंजिनिअरच सांभाळणार ना? मग बायोचा एक पेपर सगळ्या ब्रँचना हवा. आणि सक्तीचा हवा. इलेक्टिव्ह ठेवलात, तर सगळे स्कोअरिंग विषयाकडे पळतील!