गोटुल कोणी मोडले?

गडचिरोलीच्या माडिया गावांवर लिहिताना शहरी लेखणीला एक वाक्य हमखास सुचते : ‘काळाच्या ओघात गोटुले लयाला गेली.’ हे वाक्य सोयीचे आहे, कारण त्यात कोणीही अपराधी नाही. काळावर खटला भरता येत नाही आणि ओघाला जाब विचारता येत नाही. परंतु गावाच्या मध्यभागी उभे असलेले घर आपोआप नाहीसे होत नाही. त्याचे खांब कोणीतरी रोखलेले असतात, त्यात जमणाऱ्यांना कोणीतरी पांगवलेले असते. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतील ज्या गावांतून गोटुल गेले, तेथे ते कोणी मोडले हा प्रश्न सांस्कृतिक हळहळीचा नसून राजकीय आहे.

गोटुल म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. शेतीचे, जंगलाचे काम आटोपल्यावर गावातील तरुणांनी जमण्याचे ते सामायिक घर. ढोल तेथे वाजे, अंगणात रेला नाच रंगे. परगावचा पाहुणा तेथेच उतरे, पंडुमाचा दिवस तेथेच ठरे आणि भांडणतंटेही तेथेच मिटत. खेळ आणि न्याय, विरंगुळा आणि निर्णय एकाच छपराखाली नांदत. त्या घराला भाडे नव्हते, कुलूप नव्हते, मालक नव्हता. म्हाताऱ्या माणसांना आजही एखादे नाव निघाले की तो माणूस किती जमिनीचा धनी होता हे आधी आठवत नाही. तो ढोल कसा वाजवी, हे आठवते. माणसाची अशी किंमत करणारी जागा आज किती गावांत उरली आहे?

या घराची पहिली हानी बदनामीने केली. व्हेरियर एल्विन यांचा १९४७ सालचा प्रसिद्ध ग्रंथ बस्तरच्या मुरियांच्या गोटुलाविषयी आहे. तेथे तरुण-तरुणी रात्री एकत्र राहत. त्या अभ्यासाचे गांभीर्य बाजूला सारून त्यातील चवीचा भाग तेवढा उचलला गेला आणि तोच शिक्का गडचिरोलीच्या माडियांवरही मारला गेला. वस्तुतः माडियांच्या गोटुलात नाच संपल्यावर मुली आपापल्या घरी परतत. हा भेद समजून घेण्याचे कष्ट फारच थोड्यांनी घेतले. शाळेत आलेल्या मुलाला माडिया बोलीची लाज शिकवली गेली, त्याबरोबरच गोटुलाचीही. शिक्षण आवश्यक होते, आहे. पण शिक्षणाची फी म्हणून स्वतःच्या गावाची शरम भरावी लागावी, हा कोणता न्याय?

दुसरा घाव कायद्याचा होता. १९२७ च्या वन कायद्याने जंगलाचे मालकपण सरकारकडे पक्के केले आणि गोटुलाच्या खांबासाठी तोडलेला साग हा गुन्ह्याचा मुद्देमाल झाला. त्याच जंगलातील बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे दीर्घ मुदतीच्या करारांनी जात राहिला. गिरणीसाठी कापला तर तो विकास आणि गावाने आपल्या सामायिक घरासाठी कापला तर ती चोरी! गोटुले मोडणाऱ्या काळाचा खरा चेहरा हा असा आहे. १९८० नंतर नक्षलवादी दलम आणि त्यांच्या पाठोपाठ पोलीस या जंगलात आले. रात्री एकत्र जमणाऱ्या तरुणाकडे मग दोन्ही बाजूंच्या बंदुका संशयाने पाहू लागल्या.

हे अटळ होते असे ज्यांना वाटते त्यांनी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे पाहावे. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. त्यातून जागे झालेल्या या गावाने आपले गोटुल पुन्हा बांधायचे ठरवले. लाकूड गावच्याच जंगलातले होते. वनखात्याने ते गोटुल पाडले आणि लाकूड जप्त केले. तेव्हा आसपासच्या गावांनी एकत्र बसून निर्धार केला की मेंढ्याचे गोटुल पुन्हा उभे राहील, आणि तेही पाडले तर गावोगावी गोटुले उभी राहतील. गोटुल पुन्हा उभे राहिले. माघार खात्याला घ्यावी लागली.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, पण त्याची सुरुवात एका पाडलेल्या घरापासून झाली हे विसरले जाते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा ज्या गावाने दिली, त्याने सर्वसंमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आणि अभ्यासगट आधी उभे केले. २००९ साली त्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मेंढ्यात येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या गावाला एकत्र बसायला जागा असते, त्याच गावाला एकत्र मागणी करता येते.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. सूरजागडच्या लोहखनिज खाणीच्या विस्तारावरील जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, ती एटापल्लीच्या डोंगरगावांत नव्हे, तर दूरच्या जिल्हा मुख्यालयात. ज्यांचा डोंगर फोडायचा त्यांनी प्रवास करून साहेबाच्या दालनात यावे, ही रीत आता कोणालाही खटकत नाही. गोटुलाची जागा कचेरीने घेतली की जनसुनावणीत ‘जन’ पाहुणे होतात.

गोटुलाऐवजी सरकारने काय दिले? ठेकेदाराने बांधलेले समाजमंदिर, ज्याची किल्ली एका माणसाच्या खिशात असते. आणि चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात बाजाराने काय दिले? ताशी पैसे मोजून मिळणारे खेळाचे टेबल आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्यासाठी मोबाइलचा पडदा. एकीकडे कुलूप, दुसरीकडे गल्ला. राहता राहिला महोत्सव. तेथे रेला नाच मंत्र्यांच्या स्वागताला हवा असतो. तो ज्या अंगणात जन्मला ते अंगण कोणालाच नको असते.

गोटुलाची भलावण म्हणजे जुन्याची पूजा नव्हे. पंचांच्या बैठकीत स्त्रियांना स्थान नव्हते, हा त्या व्यवस्थेचा दोषच होता. पण मेंढ्याच्या ग्रामसभेत स्त्री-पुरुष बरोबरीने बसतात. घर टिकले तर त्यातील अन्याय दूर करता येतो. घरच पाडले तर न्याय मागायलाही जागा उरत नाही.

समाजवादी कार्यकर्त्यांनीही स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने मुले गोळा केली ती पत्रके वाटून नव्हे, तर संध्याकाळच्या मैदानावर, खेळातून आणि गाण्यांतून. जात विसरून एका फेरात उभे राहण्याचा धडा तेथेच गिरवला गेला. तीच चळवळ पुढे विरंगुळ्याला दुय्यम मानू लागली, मोर्चा म्हणजे काम आणि खेळ म्हणजे वेळ दवडणे असे समजू लागली. मैदाने ओस पडली आणि ती दुसऱ्यांनी भरली, याचे आश्चर्य कसले?

आज कायदा निदान कागदावर गावाच्या बाजूने आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन सामुदायिक केंद्रासाठी देता येते. अट एवढीच की त्यासाठी हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडली जाऊ नयेत. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सामायिक साधने जपण्याचा अधिकार दिला आहे. आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१५ साली घेतला. तेव्हा मागणी साधी आहे : गोटुलासाठी जागा, लाकूड आणि पैसा ग्रामसभेच्या ठरावाने मिळावा, बांधकाम गावाने करावे, ठेकेदाराने नव्हे, आणि त्या घराला कुलूप नसावे.

ही मागणी घेऊन गावोगावी जाणाऱ्या कार्यकर्त्याने व्यासपीठ शोधू नये. त्याने संध्याकाळी जावे, फेरात उभे राहावे आणि ढोल थांबल्यावर ठरावाचा कागद काढावा. त्या अंगणातला ठराव परत फिरवणे कोणत्याही खात्याला जड जाईल.