जळालेला ट्रेलर : रंग मारण्याआधी

आम्ही कापडवाले. लोखंडाच्या कामात आम्ही तोंड घालावे हे काही कारीगर बांधवांना रुचणार नाही. पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत जे लूम बसतात ते उडत येत नाहीत. न्हावा शेवा बंदरात उतरलेली जुनी रेपियर मशीन असो की जनरेटर, ट्रेलरच्या पाठीवर बसूनच येते. आज ज्या लो-बेडवर आमचा माल आला, त्याच्यावर उद्या कोणाचे पोकलेन चढते आणि तोच ट्रेलर घाटातून, वस्तीतून, शाळेच्या दारावरून जातो. तेव्हा त्याच्या पोटातले लोखंड शाबूत आहे की नाही, हा प्रश्न फक्त गॅरेजवाल्याचा राहत नाही. शिवाय वेल्डिंग, कमान, डेंटिंग-पेंटिंग, भंगार या कामांत आपल्या बिरादरीचा वाटा मोठा आहे. जळालेली गाडी बहुधा आपल्याच कोणाच्या तरी दारात येऊन उभी राहते.

ट्रेलरला आग लागते ती बहुतेक वेळा खालून. ब्रेक चिकटून राहतो, बेअरिंग कोरडे पडते, किंवा जोडीतला आतला टायर बसलेला असतो आणि ड्रायव्हरला मागचे काही कळत नाही. नाशिककडून कसारा घाट उतरताना ब्रेक किती तापतात हे आग्रा रोडवर गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. रबर एकदा पेटले की लवकर विझत नाही, विझले तरी पुन्हा भडकते. शहाणा ड्रायव्हर पुढचे इंजिन सोडवून घेतो आणि ट्रेलर जळत राहतो. म्हणजे सगळ्यांत जास्त आच लागते ती धुरा, कमानी आणि त्यांच्या वरच्या बीमला. ट्रेलरचा सारा भार जिथे टेकतो तीच जागा भाजून निघते.

मग मालक गॅरेजवर येतो. त्याचे फर्मान ठरलेले असते. वाकलेले सरळ करा, तुटलेले जोडा, काळे झालेले रंगवा, आठ दिवसांत गाडी लाइनीवर पाहिजे. हप्ता चालू असतो, त्याचीही मजबुरी आम्ही समजतो. पण त्या आठ दिवसांत तपासणीला एक दिवसही धरलेला नसतो.

जुने उस्ताद म्हणतात, लोखंड थंड झाले की पुन्हा लोखंडच. हे अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त नुकसान होते. साध्या माइल्ड स्टीलची ताकद ६०० अंश सेल्सिअसला जवळजवळ निम्मी होते, म्हणूनच वर पोकलेन उभे असेल तर जळता ट्रेलर खाली बसतो. पण तेवढ्यावरच आच थांबली, लोखंड वाकले नाही आणि सावकाश निवले, तर त्याची बरीचशी ताकद परत येते. उस्तादांचा अनुभव याच लोखंडाचा आहे. आता वजन कमी करण्यासाठी अनेक ट्रेलरांच्या बीमला हाय टेन्साइल प्लेट वापरतात. त्यातल्या काही प्लेटा पाणी दिलेल्या असतात. कारखान्यात तापवून, झटकन थंड करून, पुन्हा बेताने तापवून त्यांना जोर आणलेला असतो. आग त्या बेताच्या पुढे गेली की ते पाणी उतरते आणि निवल्यावर परत चढत नाही. वरून प्लेट सरळ दिसते, रंग मारला की नवी दिसते. म्हणून पहिला प्रश्न हा की बीम कोणत्या लोखंडाचा आहे. बनवणाऱ्याकडून ते लेखी मागवावे. कळत नसेल तर वाईट बाजू धरून चालावे.

दुसरा प्रश्न, आच किती लागली? इथे ट्रेलर स्वतःच साक्षीदार उभे करतो, फक्त धुण्याआधी ते पाहिले पाहिजेत. जस्त सुमारे ४२० अंशांवर वितळते. गॅल्व्हनाइज्ड पट्टीवरचे जस्त ओघळले असेल तर तिथे एवढी आच नक्की होती. ॲल्युमिनियम ६६० च्या आसपास वितळते, त्याचे मिश्र प्रकार थोडे आधीच. व्हॉल्व्हचे ॲल्युमिनियमचे घर मेणासारखे खाली आले असेल, तर त्याला खेटून असलेल्या बीमबद्दल काळजी करायला हवी. तांबे १०८५ अंशांपर्यंत टिकते. वायरचे टोक गोळी होऊन बसले असेल तर दोनच गोष्टी, आच भयंकर होती किंवा शॉर्टची ठिणगी होती. रंगही बोलतो. जिथे तो नुसता काळवंडून चिकटून आहे तिथे आच कमी. जिथे रंग आणि काजळी दोन्ही जळून लोखंड उघडे पडले, त्यावर जाड पापुद्रा आला, तिथे खडूने खूण करावी. मात्र प्रत्येक साक्षीदार आपल्या जागेपुरतेच सांगतो, दोन हात पलीकडचे नाही. कापडातही असेच असते. गोदामाच्या आगीत एकाच थप्पीतला वरचा ताका करपतो आणि खालचा नुसता धुराने वास मारतो. फरक इतकाच की ताक्याचा धागा ओढून आम्ही जागेवरच सांगू शकतो तो कुजला की नाही. लोखंडाचा धागा ओढता येत नाही.

मग दोरी आणि फीत घ्या. दोन्ही बीमला दोरी लावून पाहा. नव्या ट्रेलरला मध्ये किंचित वरची कमान दिलेली असते, ती एका बाजूची गेली का? किंगपिनपासून पुढच्या धुऱ्याच्या दोन्ही टोकांची अंतरे सारखी आहेत का? हे झाल्यावर हार्डनेसची तपासणी. जळालेल्या जागेचा पापुद्रा आणि वरची कातडी घासून तिथले माप घ्यायचे, आणि त्याच बीमच्या न जळालेल्या जागेचे घ्यायचे. दोन्हींत मोठा फरक आला, कमी असो की जास्त, तर हात थांबवायचा. जास्त आला तर पाण्याच्या माऱ्याने ती जागा कडक आणि ठिसूळ झालेली असू शकते. जोडांवर डीपी टेस्ट करावी. लाल रंग लावायचा, पुसायचा, पांढरी पूड फवारायची, चीर असेल तर लाल रेघ उमटते. महागडे काम नाही. पण आम्ही पाहिले आहे की माल लादून दोन किलोमीटर फिरवून आणणे हीच बहुतेक ठिकाणी टेस्ट समजली जाते. बीम पहिल्या फेरीत तुटत नाही. बारीक चीर रोजच्या हादऱ्यांनी वाढत जाते आणि मग एके दिवशी भर रस्त्यात तो बसतो.

काही वस्तूंवर विचारच करायचा नाही, बदलायच्या. आच लागलेले टायर आणि रिम, वरून चांगले दिसले तरी. एअर पाइप, सगळी वायरिंग, हबचे सील आणि बेअरिंग, ब्रेक लायनर. कमानीचे पाटे, कारण तेही पाणी दिलेलेच. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेले बोल्ट, याच कारणाने. किंगपिनपर्यंत आच पोचली असेल तर किंगपिन. त्याच्यावर सगळा ट्रेलर लटकतो, तिथे काटकसर नको.

आता कारीगराच्या स्वतःच्या जिवाचे दोन शब्द. ज्या ट्रेलरला पार्किंगचा स्प्रिंग ब्रेक आहे, त्याच्या चेंबरमध्ये भयंकर जोराची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. आगीने वरचे घर कमजोर झाले असेल तर हातोडा मारताच ते गोळ्यासारखे सुटते. त्याला खोलू नये, जाणकाराकडून पिंजऱ्यात अडकवून काढावे. दुसरे म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडरचे किंवा हबचे काही सील फ्लोरिनच्या रबराचे असतात. फार तापले की त्यातून हायड्रोफ्लोरिक ॲसिड निघते. हे तेजाब कातडीतून आत हाडापर्यंत जाते आणि सुरुवातीला दुखतही नाही. जळालेल्या सीलचा काळा चिकट डिंक उघड्या हाताने, आणि पोराच्या हाताने तर मुळीच, काढू नये. गॅरेजमधली पोरे हेच काम आधी करतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

दुरुस्ती करायचीच ठरली तर साध्या लोखंडाचा वाकलेला भाग मंद लालीच्या वर न तापवता सरळ करावा आणि घाई म्हणून त्यावर पाणी ओतू नये. दोन टेकूंमध्ये बीमचा खालचा पट्टा ताण घेतो, त्याच्यावर आडवा टाका मारणे म्हणजे चिरीला जागा करून देणे. पॅच लावला तर त्याची टोके चौकोनी न ठेवता निमुळती करावी. ७०१८ चे रॉड भट्टीत सुकवून वापरावेत. पाणी दिलेल्या प्लेटचे पाणी उतरले असेल तर पॅचने ते चढत नाही. तो तुकडा काढून बनवणाऱ्याने सांगितलेली प्लेट घालावी, नाहीतर ट्रेलर मोडीत घालावा.

हे सगळे सांगून आम्ही ज्या मुद्द्यावर येत होतो तो असा. आपल्या कारीगराला मजुरी मिळते ती जोडण्याची. "हे जोडू नका" असे सांगण्याची मजुरी त्याला कोणी देत नाही. ज्याने दोन दिवस घासून, मोजून, टेस्ट करून सांगितले की हा बीम गेला, त्याच्या हातात काय पडते? चहा. आणि ज्याने न पाहता वेल्डिंग मारली त्याला पूर्ण बिल. मग तो वेल्डिंगच मारणार. नंतर ईमानदारीवर लेक्चर देऊन काय उपयोग? तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, आधी ठरवावी, आणि निकाल काहीही लागला तरी ती द्यावी. मालकांना हा भुर्दंड वाटेल. पण कपड्याच्या सौद्यात दलाल सौदा मोडण्याचा सल्ला देत नाही, कारण त्याची दलाली सौदा झाल्यावरच असते. गॅरेजवालाही माणूसच आहे.

विमा असेल तर सर्व्हेअरने पाहण्याआधी काही उघडू नये, फोटो काढून ठेवावेत. त्यानंतर मात्र काजळी साबणाच्या पाण्याने लवकर धुवावी, कारण वायरीच्या पीव्हीसीचा धूर लोखंड खातो. टायर, रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी घट धरतात, हे मालकाने आधीच हिशेबात घ्यावे. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या ट्रेलरचे काहीच मिळत नाही, आणि आपल्याकडे अशांची कमी नाही. विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो विषय इथे नको.

कागदांचे मात्र ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५५ सांगते की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आर.टी.ओ.ला कळवावे. प्रत्यक्षात जळालेल्या गाडीचे कागद "विकले" जातात आणि तो नंबर दुसऱ्याच चासीवर बसतो. हे काम आपल्या भंगारवाल्यांनी साफ नाकारले पाहिजे. २०२१ च्या नियमांनुसार नोंदलेली स्क्रॅप केंद्रे आहेत, तिथे गाडी मोडल्याचा दाखला मिळतो.

राहिला विक्रीचा प्रश्न. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतून ओल लागली, हा प्रसंग आपल्या मदरशातल्या लहान मुलालाही माहीत आहे. ओलीला दोष नव्हता, पाऊस कोणाच्या हातात नसतो. दोष होता तो ओले धान्य खाली दडवण्याला. आगही कोणाच्या हातात नसते. जळालेला, तपासलेला, नीट दुरुस्त केलेला ट्रेलर विकणे हलाल आहे, पण तो जळाला होता हे सांगून. आपल्या फिकहमध्ये खरेदीदाराला दडवलेल्या ऐबासाठी माल परत करण्याचा हक्क आहे, त्यालाच खियार-ए-ऐब म्हणतात. "जशी आहे तशी पाहून घ्या" एवढे म्हणून सुटका होते असे समजणाऱ्यांनी विचार करावा की नव्या रंगाखालचे लोखंड कोण कसे पाहणार? किंमत कमी येईल, हे खरे. कापडात डागी माल सेकंड म्हणून विकला की भाव पडतोच. तरी तो रोज विकला जातो, आणि घेणारा पुन्हा त्याच दुकानात येतो.

गॅरेजवाल्यांनी बिलबुकात चार ओळी जास्त छापून घ्याव्यात : कोणता भाग जळाला होता, काय तपासले, काय बदलले, काय तसेच ठेवले. खाली मालकाची सही, एक प्रत गाडीच्या कागदांत. भिवंडी बायपासच्या दोन-चार गॅरेजांनी जरी हे सुरू केले, तरी आम्ही कापडवाले लूम उचलायला ट्रेलर ठरवताना ते बिल मागू शकू. आज मागितले तर ट्रान्सपोर्टवाला हसतो, कारण तसा कागदच कोणाकडे नाही.